सातवं छिद्र

परभणी, १२ जानेवारी

प्रिय भूषण,
सप्रेम जयभीम.

अकरा वर्षांनी पत्र लिहायला बसले आहे, तर सुरुवात तितक्याच गंभीर विषयानं व्हावी म्हणून पाण्याच्या कूलरपासून करते. आमच्या मेकॅनिकल विभागाबाहेर तीन नळांचा कूलर आहे. मधल्या नळावर 'बंद आहे' अशी चिठ्ठी डकवलेली आहे. ती इतकी जुनी की चिकटपट्टीचा रंग चहासारखा झालाय. परिणामी दोनशे पोरं आणि चौदा प्राध्यापक दोन नळांवर. दहा मिनिटांच्या सुट्टीतली सात मिनिटं मी अशा एखाद्या मुलामागे उभी असते, जो दोन लिटरची बाटली भरता भरता फोनवर कुणाला तरी 'जेवलीस का' विचारत असतो. प्राचार्यांना दोनदा लेखी कळवलं. बाब विचाराधीन आहे असं उत्तर आलं. या सगळ्यामागे शिपाई माणिकराव असावा असा माझा दाट संशय आहे. त्याचं स्टूल बरोबर त्या मधल्या नळाखाली असतं, आणि नळ बंद असला की स्टूल कोरडं राहतं.

आता किरकोळ बाब.

परवा दक्षिणेतल्या एका मोठ्या संशोधन संस्थेचं पाकीट आलं. वर 'गोपनीय' असा शिक्का. ते माझ्या हातात पडलं तेव्हा आधीच फोडलेलं होतं, म्हणजे गोपनीयता आवक-जावकच्या खिडकीपर्यंतच टिकली. तू तिथे सिम्युलेशनच्या जागेसाठी अर्ज केलायस असं त्यात आहे. तुझ्याबद्दल चार प्रश्न विचारलेत. पहिले तीन कुणीही भरावेत असे. चौथा असा: उमेदवाराने संशोधनातील आकडेवारीत फेरफार केल्याचे आपणास ज्ञात आहे काय? असल्यास तपशील द्यावा. वीस फेब्रुवारीपर्यंत माझं उत्तर पोचलं नाही तर अर्ज विचारात घेतला जाणार नाही.

माझं नाव त्यांना दिलं कुणी? तू देणं शक्य नाही. मला फोनवर ब्लॉक करून बसलेला माणूस तू. हा पत्ताही मायच्या कॅलेंडरच्या पाठीमागून उतरवून घेतलाय. म्हणजे तुझ्या वाईटावर असलेल्या कुणीतरी दिलं. किंवा माझ्या.

काय घडलं ते माझ्या बाजूनं एकदा लिहून ठेवते, म्हणजे तू तुझ्या बाजूचं सांगत फिरशील तेव्हा माझ्याकडे प्रत असेल. मी कॉलेजची रजा घेऊन पीएच.डी.ला गेलेली. तू माझ्या मागोमाग त्याच प्रयोगशाळेत आलास. चार वर्षांनी लहान, आणि माझ्यापेक्षा दुप्पट हुशार असा मायपासून सगळ्यांचा समज. मी विंड टनेलमध्ये हवा सोडून दाब मोजायचा, तू तीच हवा कॉम्प्युटरवर गणितानं वाहवायची. मॉडेल जेट इंजिनाच्या इन्टेकचं होतं. आवाजाच्या अडीचपट वेगानं येणारी हवा तोंडात घ्यायची, तिरप्या पट्ट्यांवर आपटवून हळू करायची, आणि इंजिनाला पचेल अशी करून आत सोडायची. खालच्या पट्टीत ओळीनं अकरा छिद्रं, प्रत्येकापाशी दाब मोजायचा. हवेची टाकी भरायला चार तास लागायचे आणि हवा वाहायची बारा सेकंद.

दहा छिद्रांनी शहाण्या मुलांसारखे आकडे दिले. सातव्यापाशी दाबानं जिथे उसळी मारायची तिथे अर्धीच मारली. छिद्र अर्धवट बुजलं की असंच होतं, बारा सेकंदांत पूर्ण दाब पलीकडे पोचत नाही. मी वहीत 'क्र. ७ बंद' असं लिहिलं आणि आलेखातून तो ठिपका काढून टाकला.

तीन महिन्यांनी तू तुझं गणित घेऊन आलास. एकोणीस दिवस चाललेलं. तुझी रेघ माझ्या दहाही ठिपक्यांतून गेली, आणि सातव्यापाशी खाली वाकून त्या बाद आकड्यातूनही गेली. भूषण, बुजलेल्या छिद्राचा आकडा गणितातून येत नाही. छिद्रात काय अडकलंय ते समीकरणाला माहीत नसतं. तो आकडा एकाच वाटेनं येऊ शकतो: माझी वही उघडायची आणि हवेच्या खळबळीचा अंदाज बांधणाऱ्या टर्ब्युलन्स मॉडेलचे गुणांक पिळत बसायचं, रेघ ठिपक्यावर येईपर्यंत. मी विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे हेच सांगितलं. छिद्र तपासलेलं होतं हेही सांगितलं. वहीत तसं आहे.

त्या गणितावर छापून आलेला तुझा पेपर मागे घेतला गेला. तू पदवी सोडून निघून गेलास, आणि आता कोइमतूरच्या कारखान्यात स्वयंपाकघरातल्या चिमण्यांमधून फोडणीचा धूर किती वेगानं वर जावा ते काढतोस. मी माझं कर्तव्य केलं. कर्तव्य केल्यावर माणसाला हलकं वाटतं असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी नेमकं काय केलं होतं ते एकदा विचारायला हवं.

फॉर्म अजून कोराच आहे.

आक्का


परभणी, २१ जानेवारी

प्रिय भूषण,

तुझं उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच, त्यामुळे त्याचा राग नाही. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे.

माझ्याकडे एम.टेक.ला प्रियांका नावाची मुलगी आहे. पालमहून रोज एस.टी.नं येते, साडेपाचच्या गाडीनं परत जाते. तिला प्रोजेक्टसाठी आपलाच इन्टेक दिला होता. मोजलेले आकडे हाताशी होते, नवीन काही शोधायचा त्रास नव्हता. आमच्या लॅबमधली सहा मशीनं तिनं एकमेकांना जोडली, 'हात लावू नये' असा कागद लावला, आणि वीज दोनदा गेली तरी तीन दिवस ते गणित रेटलं. सोमवारी आलेख घेऊन माझ्या टेबलापाशी उभी. म्हणाली, "मॅडम, मधीच खड्डा पडायलाय. काय चुकलंय तेच कळंना गेलंय."

खड्डा सातव्यापाशी.

मी तिला दहाच आकडे दिले होते. सातवा माझ्या वहीत आहे, वही माझ्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. समितीतले लोक सोडले तर त्या आकड्याबद्दल जगात आणखी एकाच माणसाला माहिती आहे, आणि तो चिमण्या बनवतो. तेव्हा मी तिचा रीतसर जाबजबाब घेतला. मामा काय करतो, मोबाईल कधी घेतला, कोइमतूरला कुणी आहे का. ती म्हणाली, न्हाई मॅडम, एक मावशी हाय ती बी नांदेडला. चेहरा इतका साफ की संशय आणखीच वाढला. पालम आणि आपलं राणीसावरगाव यांच्यात अंतर ते किती. फॉर्म आल्यावर दहाच दिवसांत हा खड्डा माझ्या टेबलावर यावा? माय, तू आणि ही पोरगी, तिघांचं काहीतरी शिजतंय असं मी धरून चालले.

मग मी तिला सांगितलं की एवढी मोठी त्रिमितीची जाळी कशाला, हवेचे लाखो ठोकळे पाडून एकेकाचं गणित कशाला, मधली उभी चकती काप आणि तेवढ्याचंच गणित कर, सगळे तसंच करतात, मीही प्रबंधात तसंच केलंय. तिनं केलं. चार तासांत उत्तर आलं. खड्डा गायब, उसळी पूर्ण, रेघ माझ्या प्रबंधातल्यासारखी. मी सुटकेचा श्वास सोडत होते, तेवढ्यात ती विचारते:

"पण मॅडम, ह्याला बाजूच्या भिंती न्हाईत का?"

आता या प्रश्नाला प्राध्यापकानं काय उत्तर द्यावं? भिंती आहेत. आपल्या मॉडेलला दोन्ही बाजूंना चकचकीत भिंती होत्या, मी रोज पुसायचे. चकतीच्या गणितात त्या नसतात, कारण चकतीला बाजूच नसते. तिनं मुळात पूर्ण रुंदीची जाळी का केली, तर तिला ही सोय कुणी शिकवलीच नव्हती. वस्तू जशी आहे तशी काढायची, एवढंच तिला ठाऊक. परभणीच्या एस.टी. स्टँडवर दोन भिंतींच्या कोपऱ्यात धूळ आणि तिकिटांचे कपटे गरगरत राहतात, तसंच हवेचं दोन्ही कोपऱ्यांत झालंय तिच्या पडद्यावर. दोन भोवरे मधल्या धारेला दोन्हीकडून दाबतात, जिथे दाब उसळतो ती धक्क्याची रेघ मधोमध वाकते आणि सातव्या छिद्राच्या जरा पुढे जाऊन पडते. सातव्यापाशी मग अर्धीच उसळी.

तू पोरीला हे पढवलं असशील तर चांगलं पढवलंयस.

आक्का


परभणी, १ फेब्रुवारी

प्रिय भूषण,

आज राणीसावरगावला जाऊन आले. भेटायला म्हणून, खरं तर तपासाला. माय गोधडीला टाके घालत होती. प्रियांकाचं नाव काढलं तर म्हणाली, त्या पोरीला मी वळखत बी न्हाई, आन तू आल्या आल्या पोलिसावानी का बोलायलीस. तुझा फोन येतो का विचारलं. दर रविवारी येतो म्हणाली. माझ्याबद्दल काही बोलतो का, हे मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं. "इचारतो, आक्काची तब्येत बरी हाय का. मी म्हणते, तूच इचार की. मंग पावसाचं काढतो."

नंतर चष्मा कपाळावर चढवून तिनं सुईत दोरा ओवायचा प्रयत्न चालवला. चारदा चुकला. म्हणाली, "माझी ती बारीक सुई होती ना मने, लांब नाकाची. तुमच्या हवेच्या कामाला नेली भूषणनं. तो म्हणतो आक्काला दिली. तसली पुन्हा मिळंना बघ."

हरवली असेल, असं मी म्हणाले.

ती मान हलवून जाड सुईनंच टाके घालायला लागली. मी गंगाखेडची गाडी पकडून परत आले. सगळ्या वाटेत खिडकीची काच खडखडत होती आणि ती कुणी मुद्दाम सैल केली असावी असं वाटत राहिलं. माझ्या संशयाची पातळी कुठे पोचलीय ते यावरून तुझ्या ध्यानात येईल.

आणखी दोन गोष्टी. एक, प्रियांकाला मी सुचेल तसं छळलं. जाळी आधी विरळ करायला लावली, मग दाट, मग त्याहून दाट. टर्ब्युलन्स मॉडेलच बदलून दुसरं घ्यायला लावलं, आणि गुणांकांना हात लावायचा नाही असं बजावलं. खड्डा हलला नाही. जाळी दाट होत गेली तसा तो आणखी ठसठशीत झाला. चूक असती तर कुठेतरी डळमळली असती.

दोन, त्या संस्थेत फोन केला. माझं नाव कुणी सुचवलं ते सांगता येणार नाही म्हणतील अशी खात्री होती, आणि तसं म्हणाले असते तर मी त्यावर चांगलं दोन पानी लिहिलं असतं. पण तिथल्या बाईंनी सरळ सांगून टाकलं. नाव उमेदवारानंच दिलंय. एकच नाव मागितलं होतं, आणि त्यानं तेच लिहिलं.

यात डाव काय आहे, भूषण? मी चार दिवस शोधते आहे. सापडत नाही.

आक्का


परभणी, ९ फेब्रुवारी

प्रिय भूषण,

कूलरच्या प्रकरणाचा निकाल लागला. शुक्रवारी प्रियांका सरळ मधल्या नळापाशी गेली, चिठ्ठीवरच बोट ठेवून नळ दाबला आणि बाटली भरून घेतली. पाणी व्यवस्थित येत होतं. धार बाजूच्या दोन्हींपेक्षा जराशी बारीक, बस. रांगेतले सगळे तिच्याकडे असे बघायला लागले की तिनं काही चमत्कार केलाय.

मी माणिकरावला बोलावलं, चांगलं चारचौघांत. म्हटलं, ही चिठ्ठी लावून तुम्ही किती वर्षं पोरांना उन्हात उभं केलंत, तुमच्या त्या स्टुलापायी? तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमीच लावली होती की. पाणी कमी यायलंय म्हणलात, न् कागद चिकटवून गेलात. मी म्हणलो बी, एकदा खोलून बघू. तुमी म्हणलात, बघायचं काय त्यात."

चिठ्ठी काढून पाहिली. अक्षर माझंच होतं. मला अक्षर ओळखता येतं, इतके पेपर तपासलेत.

केबिनमध्ये येऊन दार लावलं. आता तुला जे आधीपासून माहीत आहे ते सांगते.

तुला ती पट्टी आठवते? टनेल मोडीत निघाला तेव्हा मॉडेलची खालची पट्टी, अकरा छिद्रांची, मागच्या बारीक नळ्यांसकट, मी आठवण म्हणून मागून आणली. गेली अकरा वर्षं ती माझ्या टेबलावर आहे. पंखा लावला की हजेरीचे कागद उडतात, म्हणून त्यांच्यावर ठेवते. आणि मायची सुई माझ्या कंपासपेटीत आहे, पुठ्ठ्याच्या तुकड्यात टोचलेली, तू दिलीस तशी. दोन्हींमध्ये फार तर दीड हाताचं अंतर.

त्या दिवशी आकडा आला तेव्हा तू म्हणालास, सुई घालून बघ आक्का, आणि सुई माझ्या हातात दिलीस. सुई घालायची तर मॉडेल खोलायला हवं, पुन्हा बसवायला हवं, टाकी पुन्हा चार तास भरायला हवी. दुसऱ्या दिवसापासून टनेल दुसऱ्या गटाकडे जायचा होता. ही झाली कारणं, आणि ती खरी आहेत. पण मी ती सुई घातली नाही ती त्यांच्यामुळे नाही. मला तो आकडा पटला नव्हता. माझा अख्खा चौथा अध्याय चकतीच्या गणितावर उभा होता आणि त्यात तो ठिपका कुठेच बसत नव्हता. छिद्र बुजलेलं असणंच सगळ्यांच्या सोयीचं होतं. सगळ्यांच्या म्हणजे माझ्या.

समितीच्या खोलीत तू एकच प्रश्न विचारलास. "आक्का, सुई घातली होतीस का?" मी 'हो' म्हणाले. तू पुढे काही बोलला नाहीस. मला त्याचाच राग आला होता, आजवर. खोटं पकडल्यावर माणूस गप्प बसतो असं मी स्वतःला सांगत आले. कुणाचं खोटं, ते मात्र कधी नीट पाहिलं नाही.

परवा शुक्रवारी मी हजेरीच्या कागदांवरून पट्टी उचलली आणि सातव्या छिद्रात सुई घातली. नेढ्यापर्यंत गेली. कुठे अडली नाही. तेवढ्यानं माझ्यासारखीचं समाधान होतंय होय? नळीतच काही अडकलं असेल म्हणून नळीचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवलं आणि छिद्रावर तोंड लावून फुंकलं. बुडबुडे आले. सहाव्यात फुंकलं, तेवढेच. आठव्यात, तेवढेच. पन्नाशीला आलेली बाई दार लावून पेल्यात फुंकर मारत बसली आहे असं कुणी पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं देव जाणे, असं लिहिणार होते. पण आपल्यात देव नाही, तेव्हा माणिकराव जाणे. तो नेमका चहा घेऊन आला होता. काही न विचारता कप ठेवून गेला.

अकरा वर्षांत छिद्र आपोआप मोकळं झालं असेल, अशीही एक शंका मी काढून पाहिली. मोठी वकिली शंका. ती प्रियांकाच्या गणितापुढे टिकत नाही, आणि तुझ्या त्या एकोणीस दिवसांपुढे तर तेव्हाही टिकायला नको होती.

तू माझी वही बघितली नव्हतीस. तुझ्या जाळीला भिंती होत्या, एवढंच.

आणि माझं नाव का दिलंस तेही आता कळलं असं वाटतं. त्यात डाव नाही. त्या दिवशी सुई कुणाच्या हातात होती ते सांगू शकणारं दुसरं माणूसच नाही.

आक्का


परभणी, १२ फेब्रुवारी

प्रिय भूषण,

हे छोटंसं. पोस्ट ऑफिसात उभी राहून लिहिते आहे आणि मागे रांग आहे. इथे खिडकी एकच, तेव्हा माझ्या चिठ्ठीला वाव नाही.

फॉर्म आज स्पीड पोस्टानं गेला. चौथ्या प्रश्नाखाली दोन ओळींची जागा होती, मी चार पानं जोडली. फेरफार झाला होता, तो उमेदवारानं केला नव्हता, आकडा मी वगळला आणि न तपासता तपासला म्हटलं, असं सरळ लिहिलंय. वहीच्या त्या पानाची नक्कल आणि प्रियांकाचे सगळे आलेख सोबत दिले. तेच सगळं ज्या नियतकालिकानं तुझा पेपर मागे घेतला त्यांना, आणि आपल्या जुन्या विद्यापीठालाही पाठवलंय. माझ्या चौथ्या अध्यायाचं आणि त्यावर मिळालेल्या पदवीचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. प्राचार्यांना प्रत दिली आहे. बाब विचाराधीन आहे.

प्रियांकाला सगळं सांगितलं. तिला माझा तिरस्कार वाटेल असं धरून चालले होते. ती बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसली, मग म्हणाली, "म्हणजे त्या सरांनी अकरा वर्षांमागं ही जाळी एका मशीनवर काढली होती? मला त्यांचा नंबर भेटंल का मॅडम?" मी म्हणाले, तो मी देणं बरं नाही. तुला वाटलं तर तू तिला दे. तिचा पत्ता मागे लिहिला आहे.

तू मला फोन करावास असं म्हणत नाही. तेवढं मागायचा माझा हक्क नाही, आणि तू केलास तर त्यात काय काळंबेरं आहे म्हणून मी दोन दिवस शोधत बसेन. सवय एकदम जात नाही.

सोबत सुई आहे. तू दिली होतीस म्हणून तुझ्याकडेच परत पाठवते, मायला तू दे. रविवारी तिला सांग की सापडली, आणि कुणाकडे सापडली तेही सांग. टोक पुठ्ठ्याच्या बाहेर आलेलं आहे. उघडताना जपून.

आक्का